पावणेतीनची तक्रार

११ जानेवारी

ह्यांची कामाची डायरी अर्धी कोरी होती, तीच पुढे वापरते आहे. त्यांचं शेवटचं पान ९ डिसेंबरचं. "चष्म्याचं दुकान, मागचा कॅमेरा, मोठी शिडी लागेल." त्याच शिडीवरून पडले. पाठीचा मणका. डॉक्टर म्हणतात, तीन-चार महिने अंथरुणावर, मग बघू. ते 'मग बघू' अशा सुरात म्हणतात की पुढचं विचारावंसं वाटत नाही.

इतकी वर्षं फोन मी घेत होते. कोणाच्या घरी कुठला कॅमेरा, कोणाचा पासवर्ड कोणत्या वहीत, हे मला तोंडपाठ. फक्त शिडीवर चढत नव्हते. आता फोन वाजायचे थांबत नाहीत आणि घरात चढणारं दुसरं कोणी नाही. दुपारी वन्सं येऊन ह्यांच्याजवळ बसायला तयार आहेत.

"तुला जमायचं नाही," हे गादीवरून म्हणाले.

"नाही जमलं तर उतरेन."

यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

१४ जानेवारी

कॅमेऱ्याच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. या क्रमाने त्या टोकाच्या प्लास्टिकच्या जॅकमध्ये सरकवायच्या आणि पकडीने दाबायच्या. एक जरी इकडची तिकडे झाली तरी कॅमेरा आंधळा. ह्यांनी तीन दिवस माझ्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं. वाया गेलेले जॅक मी मोजले नाहीत, त्यांनी मोजले.

आज पहिली तक्रार एकटीने केली, तीही चष्मेवाल्याकडचीच. अंधार पडला की चित्र धुकट दिसतं म्हणे. त्याच भिंतीला शिडी लावली. वर गेले तर भिंगावर कोळ्याचं जाळं. अंधारात कॅमेरा स्वतःचा उजेड सोडतो, आपल्याला तो दिसत नाही, पण जाळ्यावर आपटून परत येतो आणि सगळं पांढरं होतं. ब्रशने झटकलं, झालं.

"एवढंच होतं?" चष्मेवाला म्हणाला.

"तुमच्याकडेही लोक काच पुसून घ्यायला येतातच की."

तो हसला. मी बाहेर येऊन दहा मिनिटं स्कूटरला धरून उभी होते. हे घरी सांगितलं नाही.

१९ जानेवारी

सकाळी एका बाईंचा फोन. त्या परगावी असतात, वडील इथे एकटे. ह्यांनीच ऑक्टोबरात त्यांच्याकडे कॅमेरे बसवले होते: दारावर एक, बैठकीत एक, स्वयंपाकघरात एक. तक्रार अशी की रोज दुपारी पावणेतीनच्या सुमाराला बैठकीतला नाहीतर स्वयंपाकघरातला बंद पडतो. कधी तासाभराने आपोआप येतो, कधी येतच नाही.

म्हातारबाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण ताठ. इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, छत्तीस वर्षं. मी काका म्हणू का विचारलं, तर म्हणाले, "म्हणा की. लाइनमन म्हणण्यापेक्षा सोपं आहे."

सगळ्या केबली मधल्या बोळात, छताजवळच्या एका पेटीत येतात. त्या बोळात कॅमेरा नाही. बघते तर बैठकीचा जॅक पेटीतून निसटून लोंबत होता. खटका नीट बसला नसेल. तरी टोक कापून नवा जॅक मारला. काका खाली उभे राहून बघत होते.

"नखाने सोलू नका, ताई. तार दुखावते."

मग त्यांनी माझ्या हातातून केबल घेतली आणि पातं फक्त टेकवून वरचं आवरण असं उतरवलं, जसा लहान मुलाचा मोजा काढावा. इतक्या दिवसांत मला कोणी हे दाखवलं नव्हतं. घरी हे शिकवतात, पण ओरडून शिकवतात.

चहा झाला. एका वादळात हॉस्पिटलची लाइन पडली होती, तेव्हा काका अकरा तास खांबावर होते, ती गोष्ट झाली. मी निघाले तर म्हणाले, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. म्हटलं आत्ताच तर झाला. ते ऐकायला तयार नाहीत, पुन्हा केला. आग्रही माणूस.

२४ जानेवारी

काकांकडून पुन्हा फोन, म्हणजे त्यांच्या मुलीचा. आज स्वयंपाकघराचा. शिडीवर चढून पाहिलं तर पेटीपासून हातभर अंतरावर केबल कापलेली आणि पुन्हा जोडलेली. आठही तारा रंगाला रंग लावून पिळलेल्या, वर काळी पट्टी, इतकी सुबक की दागिना वाटावा. पण कॅमेऱ्याला वीजही त्याच तारांतून जाते. पिळलेल्या जोडावर त्याचं भागत नाही, तो मधेच दम तोडतो.

घरी येऊन ह्यांना विचारलं, "तुम्ही मधे जोड मारला होता का?"

"मी?" हे एवढे चिडले की उठायला गेले आणि कळवळले. "बावीस वर्षांत कधी जोड मारला नाही मी. अखंड केबल टाकतो. तुला माझ्या कामाचं एवढंच कळलं?"

मग कोण? काकांना विचारलं होतं, रंगारी वगैरे आला होता का घरात. ते म्हणाले, "येतात बरेच जण." रंगाऱ्याने चुकून कापली असेल आणि घाबरून जोडली असेल. आधी उंदीर म्हणणार होते, पण उंदीर पट्टी लावत नाहीत.

३० जानेवारी

तिसऱ्यांदा. आता बैठकीची केबल, जोड दुसऱ्याच जागी. मी आज संपूर्ण केबल बदलली, वीज देणारी पेटी बदलली, नेटवर्कवर दोन कॅमेऱ्यांना चुकून एकच पत्ता मिळतोय का तेही बघितलं. हे फोनवरून सांगत होते आणि मी करत होते. "विजेचा दाब कमी पडत असेल." नाही. "घड्याळ चुकलं असेल, पावणेतीनला रीस्टार्ट लागला असेल." नाही. शेवटी म्हणाले, "तू काहीतरी चुकवतेस." फोन ठेवला.

पाठ भरून आली होती. काका म्हणाले, "बसा. घाईने लाइन सापडत नाही." वादळाची गोष्ट पुन्हा झाली. या वेळी हॉस्पिटलऐवजी अग्निशामक दल होतं आणि खांबावर चौदा तास. गोष्ट सांगताना माणूस थोडी वाढवतोच, मीही वाढवते. काकांनी यजमानांची चौकशी केली. पडल्याचं सांगितलं तर फार हळहळले. "कुठल्या डेपोत आहेत ते?" म्हणाले. गंमत करत असावेत. मी म्हटलं, सध्या गादीच्या डेपोत. ते हसले नाहीत. खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

एक खरं. या घरी येताना मला बरं वाटतं. इतर ठिकाणी लोक शिडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघतात.

५ फेब्रुवारी

मुलीचा फोन, या वेळी तक्रारीचा नाही. आवाज थकलेला. मला वाटलं दुसऱ्या कोणाला काम देणार.

"ताई, मी तुम्हाला दोष देत नाही," ती म्हणाली. "पण मला खरं सांगा, हे कॅमेरे नीट चालतील का? पावसाळ्यात बाबांनी गॅस सुरू ठेवून दार ओढून घेतलं होतं. शेजाऱ्यांना वास आला म्हणून वाचले. तेव्हा ठरलं की मला दिवसातून चार वेळा ते दिसले तरच ते तिथे राहतील. मला नोकरी सोडता येत नाही. इथे एका संस्थेत त्यांच्यासाठी जागा मिळते आहे, महिनाअखेर कळवायचं आहे."

"त्यांना विचारलंत?"

"ते म्हणतात, ड्यूटी सोडून कसा येऊ."

मी म्हटलं, चालतील. एवढ्या ठामपणे का म्हटलं, कोणास ठाऊक. माझ्या हातून एक केबल धड राहत नाही आणि मी एका माणसाचं घर माझ्या शब्दावर टांगून ठेवलं.

८ फेब्रुवारी

एक छोटा कॅमेरा आहे आमच्याकडे, बॅटरीवरचा, काडेपेटीएवढा, चित्र आणि आवाज कार्डावर साठवतो. आज काकांकडे नेला आणि बोळातल्या कपाटावर, जुन्या डब्यांच्या मधे ठेवला. काकांना विचारलं नाही. त्या वेळी ते आत माझ्यासाठी चहा करत होते.

कॅमेरा बसवणाऱ्या बाईला हे लिहिताना लाज वाटावी का? वाटते आहे. चहाही प्यायले.

रंगारी असेल, नाहीतर दूध टाकणारा. कोणाकडे तरी किल्ली असणार.

१० फेब्रुवारी

कार्ड आणलं. ह्यांच्या शेजारी बसून लॅपटॉपवर बघितलं. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

दोन वाजून चाळीस. काका बोळात येतात. शर्टाची बटणं लावतात, आरशात बघून केस सारखे करतात. आतून कॅनव्हासची पिशवी आणतात. जेवणाच्या टेबलाशेजारचं छोटं टेबल ओढतात, त्यावर स्टूल ठेवतात. स्टूल हलवून बघतात. मग चढतात. आधी टेबल, मग स्टूल.

पिशवीतून त्यांनी एक जुना फोन काढला, नुसता हातात धरायचा, तारेला दोन चिमटे. लाइनमन लोक लाइन जिवंत आहे का ते त्यावर ऐकतात, हे मला ह्यांनी सांगितलं. काकांनी केबल सोलली, चिमटे लावले, फोन कानाला धरला. बराच वेळ ऐकलं. "हॅलो," म्हणाले. "हॅलो, टेस्टिंग." पुन्हा ऐकलं. कॅमेऱ्याच्या तारेत कसला आवाज असणार? लाइन मेलेली. म्हणून त्यांनी ती कापली, पुढे तपासली, पुन्हा जोडली, पट्टी मारली. पुन्हा "हॅलो". चेहऱ्यावर वैताग नाही, काही नाही. काम चालू आहे, एवढंच.

रोज पावणेतीनला ते ड्यूटीवर जातात. आणि रोज लाइन मेलेली मिळते.

मग उतरायची वेळ आली. त्यांनी एक पाय खाली सोडला. पायाला टेबल सापडेना. पाय हवेत तसाच, इकडे चाचपतोय, तिकडे चाचपतोय. हाताने पेटीची कड धरलेली. ती पेटी दोन स्क्रूवर आहे, मीच लावली आहे.

"बंद कर," हे म्हणाले.

"थांबा, उतरतात का बघू द्या."

"बंद कर म्हटलं ना."

मी लॅपटॉप पलीकडे फिरवला आणि एकटीने बघितलं. उतरले. एक मिनिट दहा सेकंद लागले. हे नंतर जेवले नाहीत. पाठ दुखते म्हणाले. गोळी दिली.

१२ फेब्रुवारी

दोन दिवस मुलीला फोन केला नाही. केला तर ती त्यांना घेऊन जाणार. नाही केला आणि तो पाय टेबलाबाहेर पडला तर ते माझ्या माथी. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुला वाटेल ते कर." पूर्वी हे असं कधी बोलत नसत.

आज तिला चित्रफीत पाठवली आणि फोन बंद करून ठेवला. तासाभराने सुरू केला तर लगेच वाजला.

तीच होती. म्हणाली, "तो शर्ट मी टाकून दिला होता असं मला वाटत होतं." नंतर म्हणाली, "मी सहा वर्षांची असताना मला शिडी धरायला लावायचे. मी धरून काय होणार होतं? पण मी धरायचे."

"मला लवकर कळायला हवं होतं," मी म्हटलं. "दोन-दोन वेळा चहा करायचे. मला वाटायचं, आग्रह करतात."

"मलाही फोनवर तेच ते सांगतात. मला वाटायचं, माझं लक्ष नसतं म्हणून पुन्हा सांगतात."

महिनाअखेरपर्यंत थांबायला ती तयार आहे. तोवर स्टूल आणि टेबल घरातून हलवायचं, असं ठरलं.

१६ फेब्रुवारी

केबली लोखंडी नळीतून घेतल्या, पेटीला कुलूप लावलं. स्टूल शेजाऱ्यांकडे. काकांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून मी एक फळा केला. कमरेच्या उंचीवर भिंतीला लाकडी फळी, तिच्यावर आमच्याकडचा जळका कॅमेरा, एक जुनी पेटी, आठ-दहा केबली. हवं तेवढं कापा, जोडा. करायला अख्खी संध्याकाळ गेली. काकांना म्हटलं, "या लाइनी तुमच्याकडे दिल्यात." त्यांनी मान डोलवली.

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी विचारलं, "त्यात वीज सोडलीस?" म्हटलं, नाही, कशाला उगाच.

२१ फेब्रुवारी

काकांनी आज मला दारातच अडवलं. खाकी शर्ट नव्हता. घरातला मळका सदरा.

"ताई, ती लाइन कुठे जाते?"

"कुठली?"

त्यांनी मला हाताला धरून फळ्याशी नेलं. एकही केबल कापलेली नव्हती. "मी तीन दिवस मागोवा घेतला. इथून निघते, इथे येते. संपली. ती कुठेच जात नाही." त्यांचा आवाज चढला नाही. "मी विसरतो. मला माहीत आहे मी विसरतो. सकाळी काय खाल्लं विचाराल तर सांगता यायचं नाही. पण म्हणून तुम्ही मला खेळणं आणून द्याल?"

"चुकलं, काका," म्हटलं.

"काढा ते."

मी फळा काढला. भिंतीतली भोकंही बुजवली. ते सगळा वेळ खुर्चीत बसून होते, हात मांडीवर पालथे. चहाचं विचारलं नाही. मी दारातून बाहेर पडताना म्हणाले, "काम असलं तर द्या. नसलं तर नाही म्हणा."

रस्त्यात स्कूटर बाजूला घेऊन थांबले. रडायला वगैरे आलं नाही, फक्त पुढच्या तक्रारीकडे जायचं बळ नव्हतं. गेलेच.

२६ फेब्रुवारी

छापखान्याचं काम मिळालं. सोळा कॅमेरे, वर त्यांच्या कंप्युटरांच्या जोडण्या. मालक म्हणाले, तुमचे मिस्टर कधी येतील? म्हटलं, मीच आले आहे. त्यांनी शिडी बघितली, मला बघितलं, आणि मग जाऊ दे म्हणून काम दिलं. छोट्या-मोठ्या मिळून दीडशे केबली लागतील, दोन्ही टोकांना जॅक मारलेल्या. म्हणजे तीनशे जॅक. माझे हात संध्याकाळी मूठ वळत नाहीत असे झालेत.

वायरचं भेंडोळं, जॅकची पिशवी आणि पकड घेऊन काकांकडे गेले. टेबलावर ठेवलं.

"काम आहे. खरं आहे. छापखान्याचं. मला एकटीला उरकत नाही."

त्यांनी जॅक उचलून उजेडात धरला. "टेलिफोनला चार लागायच्या. या आठ आहेत."

"क्रम लिहून देते."

"लिहा. मोठ्या अक्षरात."

२ मार्च

पहिल्या वीस केबली आणल्या. हे दुपारभर नुसते छताकडे बघत पडलेले असतात, म्हणून मी तपासायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. दोन्ही टोकं लावली की आठ दिवे टिकटिक करत एकामागून एक लागतात. वीसच्या वीस बरोबर. हे केबल उलटसुलट करून बघत राहिले.

"कोणी मारले हे जॅक?"

"काकांनी."

"आवरण बघ कसं आत गेलंय. ओढलं तरी निघायचं नाही." मग "माझेही असे बसत नाहीत," म्हणाले.

लग्नाला चोवीस वर्षं झाली. असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

९ मार्च

संस्थेची जागा काकांच्या मुलीने तूर्त सोडली. मे महिन्यात स्वतः येऊन बघणार आहे. म्हणाली, "बाबा काल चार तास टेबलाशी बसले होते. मी ऑफिसात फोन शेजारी उभा करून ठेवला होता. ते काम करत होते, मी काम करत होते." गॅसला आपोआप बंद होणारं यंत्र लावून घेतलं आहे. बोळात ते जात नाहीत असं नाही. जातात, वर बघतात, परत येतात.

मला कधी 'ताई' म्हणतात, कधी 'तू'. आज म्हणाले, "तुझी बदली झाली नाही ना अजून?" म्हटलं, नाही, इथेच आहे.

१८ मार्च

छापखान्याचे दहा कॅमेरे लागले. चालतात. मालकांनी आज शिडीकडे पाहिलं नाही, फक्त चित्राकडे पाहिलं.

हे आता उशीला टेकून अर्धे बसू शकतात. केबली तपासायचं काम त्यांनी पूर्ण स्वतःकडे घेतलं आहे. मी आणून टाकते, सकाळी तपासलेला गठ्ठा तयार असतो. वन्सं म्हणत होत्या, "हल्ली दुपारी माझ्याशी बोलायलाही याला वेळ नसतो. पकड मागून घेतो, कात्री मागून घेतो." म्हटलं, बरं आहे, मन रमतंय. पकड कशाला लागते तपासायला, हे विचारायचं राहून गेलं. थकलेलं डोकं होतं.

२ एप्रिल

गादीची चादर बदलताना पलंगाखाली बिस्किटांचा डबा सापडला. जड लागला म्हणून उघडला. आत कापून टाकलेली टोकं. जॅक लागलेली, बोटभर वायरीसकट. काही बरोबर दिसणारी, पण रंग उलटे. काहींत सहाच तारा. काहींत चारच, टेलिफोनसारख्या, मधल्या जागेत व्यवस्थित बसवलेल्या. डबा गळ्यापर्यंत भरलेला.

ह्यांनी पाहिलं मी पाहिलंय ते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर. आधी विसात एक. मग तीन. आता निम्म्या."

"आणि तुम्ही पुन्हा मारता?"

"मला दुसरं काय काम आहे."

अशा आडव्या पडलेल्या माणसाने, कोपर गादीवर टेकवून, शंभरेक जॅक मारले आणि मला पत्ता नाही. छापखान्यात मी मिरवत होते की एकही केबल परत आली नाही.

"मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू त्यांच्याकडे तोंड पाडून गेली असतीस," हे म्हणाले. "त्यांना कळतं."

११ एप्रिल

छापखाना पूर्ण. सोळाच्या सोळा. आता दीडशे केबलींचं निमित्त संपलं. पुढच्या कामांना फार तर आठवड्याला दहा लागतील.

मी काकांना तरीही तीस-तीस देते. म्हणजे मी पुन्हा तोच खोटेपणा करते आहे का, हे स्वतःला विचारलं. उत्तर धड मिळालं नाही. फळ्याच्या वेळी मी त्यांना काहीतरी गुंतायला देत होते. आता काय देते आहे? त्यातल्या चार-पाच चांगल्या निघतात आणि त्या खरोखर कुठेतरी लागतात. परवा दवाखान्यातल्या कॅमेऱ्याला त्यांची लावली. हे त्यांना सांगितलं. "हॉस्पिटलची लाइन?" म्हणाले. "मग रात्रपाळीला कोणीतरी ठेवा." मी हो म्हटलं.

क्रमाचा कागद टेबलावरच असतो, मोठ्या अक्षरात. आज त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि तो उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला.

१९ एप्रिल

हे आज डॉक्टरांकडे वॉकरला धरून दारापर्यंत गेले आणि परत आले. डॉक्टरांनी 'मग बघू'च्या ऐवजी 'बघा, जमलं' म्हटलं. शिडी मात्र आता नाही, कधीच नाही. घरी आल्यावर ह्यांनी मोठ्या शिडीचे बोल्ट तपासून घट्ट केले, बसल्या बसल्या, आणि म्हणाले, डावा पाय आधी टाकत जा.

दुपारी काकांकडे गेले. मी कोण ते त्यांना आज कळलं नाही. पण गठ्ठा तयार होता. तीस केबली, प्रत्येक वेटोळं सारखं, प्रत्येकाला दोऱ्याची गाठ. "मोजून घ्या," म्हणाले. मी मोजून घेतल्या.

संध्याकाळी हे टेबलाशी बसले, आता बसता येतं. यंत्राला एक लावली, बाजूला ठेवली. दुसरी लावली, बाजूला ठेवली. मी भांडी आवरत होते, पण दिव्यांची टिकटिक ऐकू येते. आठ वेळा वाजायला हवं. वाजत नव्हतं. तासभर ते एकेक लावत राहिले. मग यंत्र बंद केलं.

मी हात पुसत बाहेर आले. "किती चुकल्या?"

"सगळ्या."

मी खुर्ची ओढून बसले. टेबलावर तीस वेटोळी होती, तीस गाठी. मुलीला फोन करावा लागेल, मे महिन्याची वाट न बघता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. उद्या-परवा करेन. ह्यांनी एक गाठ सोडवली, टोक कापलं, नखाने न सोलता पातं नुसतं टेकवून आवरण उतरवलं. मी त्यांना हे कधी शिकवलं नव्हतं. आठ तारा सरळ केल्या.

"मी काय करू, उद्या जाऊ त्यांच्याकडे?" मी विचारलं.

"जा की." ते तारा क्रमाने लावत होते, मान वर केली नाही. "आणि वायर जास्त ने. टोकं कापून पुन्हा मारायला उरायला हवी."